ताई पुढे बसली की...

मी परचेसमध्ये आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यासाठी नट-बोल्टपासून कॉम्प्रेसरपर्यंत सगळं विकत घेणं हे माझं काम, आणि समोरचा माणूस जे सांगतो ते तपासल्याशिवाय खरं न मानणं हा त्या कामाचा निम्मा भाग. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर वाचत आले ते मनातल्या मनात दुरुस्त्या करत – इथे वायरिंग तपासायला हवं होतं, इथे त्या गृहस्थांनी जेवण जरा कमी करायला हवं होतं. अमावस्या कधी आहे हे मला कॅलेंडरवर काळा गोल छापलेला असतो म्हणून कळतं, एवढाच माझा आणि तिचा संबंध. तरीही हे लिहितेय, कारण जे तपासता येण्यासारखं होतं ते सगळं मी तपासलंय आणि हातात काहीच राहिलेलं नाही.

गाडी ताईची होती. हे आधीच सांगते.

शैलाताई माझी सख्खी मोठी बहीण. महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाली. ठाकुर्लीला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. भाऊजी जाऊन पंचवीसेक वर्षं झाली, मूलबाळ नाही. मागच्या वर्षी तिला कॅन्सर निघाला – डाव्या स्तनाचा. ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि मग ठाण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये रेडिएशन सुरू व्हायचं होतं. सोमवार ते शुक्रवार रोज, काही आठवडे. डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली – खाडा नको. सलग झालं तरच उपयोग, मध्येच सोडलं तर आधीचं केलेलंही वाया जाऊ शकतं.

मी राहते वर्तकनगरला. ठाकुर्लीहून रोज सकाळी कॅब मिळण्याचा भरवसा नाही, निम्म्या वेळा ऐनवेळी कॅन्सल होते. ऑफिसने मला उशिरा यायची परवानगी दिली. मग ठरलं की एक छोटी सेकंड हँड गाडी घ्यायची – ताईच्या पैशाने, ताईच्या नावावर. चालवणार मी.

कल्याण-शीळ रोडवरच्या एका एजंटकडे गाडी पसंत केली. माझ्या पद्धतीने सगळं बघितलं – टायर, क्लच, चॅसी नंबर, सर्व्हिसिंगचे कागद, पेंट कुठे दुसऱ्यांदा मारलाय का. आमचा नेहमीचा मेकॅनिक अन्वर बरोबर होता.

"मॅडम, डोळे मिटून घ्या," तो म्हणाला.

"डोळे मिटून मी कोथिंबीरसुद्धा घेत नाही," मी म्हटलं, आणि आणखी एक लांब चक्कर मारून आले. स्टिअरिंग लोण्यासारखं होतं. ही गोष्ट लक्षात आहे, कारण ती मी मुद्दाम तपासली होती. ताईला धक्के बसून चालणार नव्हतं.

रविवारी ताईच्या बिल्डिंगखाली गाडीची पूजा केली. हार, नारळ, चाकाखाली लिंबं. माझा त्याला विरोध नाही, लोकांना बरं वाटतं. डोंबिवलीहून माझ्या मोठ्या जाऊबाई आल्या होत्या. औक्षणाचं तबक मी ताईच्या हातात दिलं. गाडी तिची, तिनेच ओवाळायचं.

जाऊबाईंनी मला बाजूला घेतलं. आवाज मात्र बाजूला घेतला नाही. "वृंदा, तिच्या नावावर घेतलीत ती घेतलीत. औक्षण तरी तू करायचंस. सवाष्ण आहेस ना तू?"

"वहिनी, चालवणार मी, पेट्रोल भरणार मी. आता ओवाळायचंही मीच?"

"चेष्टा सुचते तुला. रोज हायवेला जाणार आहे गाडी."

ताईने हे सगळं ऐकलं. निरांजनाला वारा लागत होता, तिने हाताचा आडोसा केला आणि सावकाश ओवाळलं. मग पेढ्यांचा बॉक्स जाऊबाईंसमोर धरला. "घ्या मंगलावहिनी. दुकानातला आहे, माझ्या हातचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. ताई पुढे, माझ्या शेजारी. मागच्या सीटवर तिला गाडी लागते, आणि त्या दिवसांत तर पाणी पोटात ठरणंही मुश्कील होतं. सीटबेल्ट ऑपरेशनच्या जागी काचू नये म्हणून मी एक छोटी उशी शिवून आणली होती. ठाकुर्लीचा उड्डाणपूल उतरलो, पुढे उजवीकडे वळायचं होतं, आणि स्टिअरिंग वळेना.

पॉवर स्टिअरिंग गेलं की चाक जड होतं हे मला ठाऊक आहे. जड होतं, पण जोर लावला की वळतं. शिवाय डॅशबोर्डवर दिवा लागतो. इथे दिवा नाही, आवाज नाही, नुसतं समोरून कोणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखं. मी ब्रेक दाबला. गाडी डावीकडे घासत गेली आणि ताईच्या बाजूचा आरसा विजेच्या खांबाला लागून फुटला.

मागून एक स्कूटरवाला आला. "काय मॅडम, खांब दिसला नाय का? एवढा मोठा लावलाय."

"स्टिअरिंग लॉक झालं."

"मग घरी लॉक करून ठेवायची ना गाडी," असं म्हणून तो गेला.

पाच मिनिटं थांबून पुन्हा चालू केली. जड होतीच. ताईला रिक्षात बसवून कॅब मिळेल त्या नाक्यापर्यंत पाठवलं, फोनवरून कॅब जोडून दिली. ती गेली आणि मी चाकाला हात लावला तर... एका बोटाने फिरत होतं.

अन्वरने स्कॅनर लावला. एकही फॉल्ट दाखवेना. "कधी कधी कनेक्टर लूज असतो," म्हणाला, आणि सगळे कनेक्टर साफ केले. दोन दिवस ताई कॅबने गेली, मी एकटीने गाडी पळवली, कुरकुर नाही. मग पुन्हा ताईला घेऊन निघाले.

या वेळी मोठागाव-माणकोलीचा खाडीपूल. सकाळची वेळ, लख्ख ऊन, खाली खाडीला भरती. पूल संपता संपता रस्ता थोडा वाकतो तिथे उजव्या लेनमध्ये टँकर होता, मी डाव्या. आणि चाक नुसतं अडलं नाही – ढकलायला लागलं. माझ्या दोन्ही हातांच्या विरुद्ध, डावीकडे. ताईच्या बाजूच्या कठड्याकडे. मी अंगाचा सगळा भार उजव्या हातावर टाकला होता, मनगट कडकड वाजलं. आपण एखाद्या माणसाशी झोंबतोय, आणि त्याला माझं काहीही पडलेलं नाही, त्याला फक्त त्या बाजूला जायचंय... असं मला वाटलं. हे "वाटलं" मी नंतर जोडलेलं नाही. तेव्हाच वाटलं होतं.

ताई ओरडली नाही. उशी छातीशी धरून एवढंच म्हणाली, "वृंदा, थांबव."

कठड्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. ताई उतरली. लगेच चाक सैल. मी बसल्या जागी ते डावी-उजवीकडे फिरवत राहिले आणि ताई काचेतून ते बघत राहिली. गणिताची बाई ती. तिचं उत्तर माझ्या आधी निघालं होतं.

त्या दिवसापासून माझी कामाची पद्धत सुरू झाली. तोवर मिळेल ती कॅब पकडून ताईला नेत होते, खाडा होऊ दिला नाही. स्टिअरिंगची मोटर आणि सेन्सर, दोन्ही नवीन टाकले. मोठ्या वर्कशॉपमध्ये दोन दिवस गाडी ठेवली, त्यांनी "ऑल ओके" सांगून धुऊन परत दिली. श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पुढे बसवून घोडबंदर रोड केला. ऑफिसमधल्या दोन मैत्रिणींना पुढे बसवून कल्याणला जाऊन आले. सीटवर ताईच्या वजनाएवढी तांदळाची पोती ठेवून पाहिली. काही नाही. मग ताईच्या बिल्डिंगच्या आवारात, वॉचमनच्या समोर, चालण्याच्या वेगाने गाडी फिरवली. ताई पुढे बसली की चाक दगड. उतरली की लोणी. ती पुन्हा बसली, पुन्हा उतरली, पुन्हा बसली. शेवटी वॉचमननेच मान दुसरीकडे वळवली.

"आता मागे बसून बघ," मी म्हटलं.

ती मागे बसली. चाक फिरलं.

मला सुटल्यासारखं झालं. कारण कळलं नाही तरी मार्ग मिळाला होता, आणि रेडिएशन सुरू ठेवणं महत्त्वाचं होतं. उलटीच्या पिशव्या, लिंबाच्या गोळ्या, मानेला आधार – सगळी सोय मी मागच्या सीटवर केली. आठवडाभर आम्ही तशा गेलो. गाडी अगदी शहाण्यासारखी चालली. ताई मागून खिडकीबाहेर बघत राहायची.

एक चाचणी मी केली नाही, तेही सांगते. आमच्या ऑफिसमध्ये स्टोअर्सला एक बाई आहे, तिचा नवरा करोनात गेला. तिला "जरा पुढे बसतेस का" असं विचारायचं माझ्या मनात आलं होतं. म्हणजे तोपर्यंत माझ्याही डोक्यात ते शिरलं होतं. पण विचारलं नाही. काही गोष्टी तपासायला घेतल्या की आपण त्यात सामील होतो.

मग एका सोमवारी मी ठाकुर्लीला गेले तर ताई घरच्याच साडीत. दार उघडून परत खुर्चीवर जाऊन बसली.

"आवर गं. उशीर होतोय."

"मी येत नाही."

"बरं वाटत नाहीये का?"

"वाटतंय. पण आता हे पुरे." तिने शांतपणे सांगितलं. "माझ्याच गाडीत मला मागे बसावं लागतं. मला कळत नाही असं वाटतं तुला?"

"अगं, काहीतरी इलेक्ट्रिकल असणार..."

"हळदीकुंकवाला मी मागे उभी राहते. पुतण्याच्या लग्नात अक्षता टाकायला मागे उभी राहिले. तुझ्या जाऊबाई बोलून दाखवतात, बाकीचे बोलत नाहीत, एवढाच फरक. इतकी वर्षं मी म्हणत आले की चूक लोकांची आहे. आता लोखंडही तेच म्हणायला लागलं. त्याला कोणी शिकवलं, सांग."

 मी तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले.

"तू त्या दिवशी पुलावर गेली असतीस वृंदा. माझ्यामुळे. श्रीकांतरावांना मी काय तोंड दाखवलं असतं? माझ्यात जे काही आहे ते माझ्यापाशीच राहू दे. किरण मारून जाणारं नाही ते."

मी कॅब बोलावते म्हटलं, तिने नको म्हटलं. मी रागावले, रडले, डॉक्टरांना फोन लावून तिच्या कानाला धरला. ती "हो, हो" म्हणाली आणि फोन मला परत दिला. हॉस्पिटलमधल्या बाईंनी मला सांगितलं – दोन-चार दिवस आम्ही सांभाळून घेऊ, त्याच्यापुढे कठीण आहे.

म्हणजे प्रश्न आता स्टिअरिंगचा राहिलाच नव्हता. ताईला खुर्चीतून उठवायचं होतं आणि हातात दिवस फार थोडे होते.

गाडीत आधी काहीतरी झालेलं असणार, एजंटने लपवलेलं असणार, असं मी धरून चालले. अपघात, पाण्यात बुडालेली गाडी, काहीही. ते कळलं की ताईसमोर ठेवता येईल. आरसीच्या व्यवहारात आधीच्या मालकिणीची सही होतीच. पत्ता मोठागावचा – म्हणजे आम्ही रोज ज्या पुलावरून जात होतो त्याच्या पायथ्याशी. त्याच दुपारी हाफ डे टाकून गेले.

कोळीवाड्यातलं दोन खणी पक्कं घर. पुढे ओट्यावर जवळा वाळत घातलेला आणि माझ्याच वयाची एक बाई तो हाताने पसरत बसलेली. कपाळ मोकळं. मी गाडीचा नंबर सांगितला तशी ती उठून दारात जाऊन उभी राहिली, वाट अडवल्यासारखी.

"गाडी परत घेनार नाय आमी. पेपर झाले."

"परत द्यायला नाही आले. एक विचारायचं होतं. स्टिअरिंगचं."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने विचारलं, "पुढं कोन बसली होती?"

मी ताईचं नावसुद्धा काढलं नव्हतं. "बहीण," मी म्हटलं.

"तिचा घरवाला नाय ना?"

खाडीकडून वारा येत होता, जवळ्याचा वास नाकात भरलेला. मी ओट्याच्या कडेला बसले. तिने बस म्हटलं नव्हतं.

त्यांचं नाव कुंदाबाई. त्यांनी जे सांगितलं ते असं. गाडी त्यांच्या नवऱ्याने घेतलेली. त्याचा बाप तो लहान असतानाच गेला. आई मासे विकून त्याला वाढवणारी. आणि तरी हा माणूस सकाळी घराबाहेर पडताना आई समोर आलेली चालवून घ्यायचा नाही.

"गाडी चालू केली ना, का म्हातारी मोरीत जाऊन उभी रवायची. तो नाक्याच्या पुढं गेला का बाहेर यायची. आमच्यात असलं काय नाय हो. आमची बाईमानसं बाजार चालवतात, कोन कोनाला विचारतो? पन याचं डोकं तसलं. एकदा ती आजारी, दवाखान्यात न्यायची, तर पुढची सीट मोकळी, आन तिला मागं मासळीच्या पाटीसारखी घातली."

तो माणूस छातीत कळ येऊन घरातच वारला. गाडीत नाही. मग एकदा मुलाने आजीला हौसेने पुढे बसवलं. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळलीच नाही, डाव्या बाजूने भिंतीत गेली. आजीचा हात मोडला. ती त्यातून पुन्हा उठली नाही.

"आन मग मी बसले. एकदाच. पोरगा चालवत होता." त्यांनी हाताने फाटक दाखवलं. "इथपर्यंत. तवा कळलं, आता मी पन त्याच्यातलीच."

"हे तुम्ही आम्हाला विकताना सांगायला हवं होतं."

"हां, पायजे होतं." त्यांचा आवाज जराही नरमला नाही. "नाय सांगितलं. सांगितलं असतं तर तुमी घेतली असती? का हसला असता?"

मी हसले असते. ते मान्य करून मी उठले. जाताना म्हटलं, "भंगारात काढते ती. उद्याच."

"कुठं?"

"शीळफाट्याच्या पुढे यार्ड आहे."

"मी येनार," त्या म्हणाल्या. परवानगी विचारत नव्हत्या.

संध्याकाळी मी ताईला सगळं सांगितलं. दोष तुझ्यात नाही, एका तिरसट माणसाचा आहे, तो जिवंतपणी जे करत होता तेच... वगैरे. ती ऐकत राहिली आणि शेवटी हसली. त्या हसण्याने मी जास्त घाबरले.

"छान रचलंस."

"ताई, शपथ."

"लहानपणी माझी परीक्षा बिघडली की तू पेपरच चुकीचा होता म्हणून सांगायचीस. मला उठवायला तू काहीही करशील, मला माहीत नाही का? उद्या एखादी बाईसुद्धा आणशील साक्षीला."

मी नेमकं तेच करणार होते. पण गाडी तिच्या नावावर होती आणि यार्डात मालकाची सही लागते. "सही कर आणि घरी ये, पुन्हा विषय काढणार नाही," एवढ्या बोलीवर ती तयार झाली.

गाडी अन्वर घेऊन गेला, एकटाच, आणि यार्डात लावून कामावर परतला. आम्ही दोघी कॅबने. कुंदाबाई रिक्षाने आधीच पोचलेल्या, हिरवट नऊवारीत, हातात पिशवी, फाटकाशी उभ्या. ताईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ही का साक्षीदार?"

कुंदाबाईंनी ते ऐकलं. "मी कोनाची साक्षीबिक्षी द्यायला नाय आले," म्हणाल्या. "मी माझ्या कामाला आलेय."

यार्ड म्हणजे खडी टाकलेलं मोठं पटांगण, भर दुपार, दूरवर कटर चालू. तिथल्या माणसाने पेट्रोल काढलं, बॅटरी सोडवून जमिनीवर ठेवली. किल्ली माझ्याकडे दिली – "सही झाली की द्या." गाडीची पुढची चाकं सरळ होती, स्टिअरिंग लॉक होतं. मी स्वतः हलवून बघितलं. सवय.

ताई बोनेटवर कागद ठेवून सही करणार, तेवढ्यात कुंदाबाई डाव्या बाजूला गेल्या, पुढचं दार उघडून आत बसल्या आणि दार ओढून घेतलं. काच खाली होती. त्यांनी पदर नीट केला, पाय हलवून बसल्या, जशी एखादी बाई लांबच्या प्रवासाला बसते.

"बसले बघ मी," त्या समोर बघत म्हणाल्या. "पुढंच बसले."

काही क्षण काही नाही. मग खडी वाजायला लागली.

पुढची चाकं वळत होती. सावकाश, डावीकडे. थांबलेल्या गाडीची चाकं वळताना रबर खडीवर घासतं तो कर्रर्र आवाज. आत स्टिअरिंग फिरत होतं. किल्ली माझ्या मुठीत होती, बॅटरी माझ्या पायाजवळ.

"ओ मावशी, हँडल सोडा, लॉक तुटेल," यार्डातला माणूस ओरडला.

कुंदाबाईंनी दोन्ही हात खिडकीतून बाहेर काढून त्याला दाखवले. रिकामे. मग ते परत मांडीवर ठेवले.

स्टिअरिंग शेवटपर्यंत वळलं आणि तिथेही थांबेना. आणखी वळायला जागा नव्हती तरी थरथरत राहिलं, त्या बाजूला, त्यांच्याकडे. सगळी गाडी हलत होती. त्यांच्या कानातली फुलं हललेली मला दिसत होती. त्या उतरल्या नाहीत.

"ढकल," त्या म्हणाल्या. "कुठं ढकलशील? आता कशाला घाबरू तुला? तुझी आई घाबरली, मी घाबरले. बस झालं. तुला काय करायचं ते कर, मी बसलेली हाय."

किती वेळ, मला सांगता येणार नाही. मी घड्याळ बघितलं नाही, आणि हे माझ्याबाबतीत क्वचित होतं. थरथर कमी झाली नाही. गाडी नरमली, हरली, असं काही मला दिसलं नाही. त्यांचं बसून झालं तेव्हा त्या आपल्या आपण उतरल्या आणि दार आपटलं. त्याच क्षणी आवाज थांबला. चाकं वळलेलीच राहिली.

"तसाच हाय अजून," कुंदाबाई म्हणाल्या, आणि खाली ठेवलेली पिशवी उचलून फाटकाकडे चालू लागल्या. मी "घरी सोडते" म्हटलं, तर मागे न बघता हात हलवून नको म्हणाल्या.

यार्डातल्या माणसाने गाडीला एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, आणि मग कोणाला काही न विचारता क्रेनवाल्याला हाक मारली. त्या दिवशी दुपारीच ती गाडी दाबली गेली. आम्ही ते बघायला थांबलो नाही.

अन्वरला मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, बॅटरीशिवाय मोटर फिरणार नाही. लॉक असताना हाताने पण फिरणार नाही. पुढे मला विचारू नका." श्रीकांतचं म्हणणं टायरमध्ये पीळ राहिला असेल. मी त्यालाच कागदावर काढून दाखवलं की पीळ सुटला तरी चाक एवढं वळत नाही, आणि थरथरत तर नाहीच. जाऊबाईंनी फोन करून एखादी शांत करून घ्या म्हणून सुचवलं. कोणाची शांत करायची, त्या माणसाची? त्याने म्हातारीला मोरीत उभं केलं ते पुरलं नाही का? मी फोन ठेवला. कारणांची जी यादी मी केली होती त्यातलं एकेक मी खोडलं आणि आता कागद कोरा आहे. याच्यापेक्षा प्रामाणिक मला काही लिहिता येत नाही.

त्या दुपारी यार्डात मात्र कुंदाबाई गेल्यावर ताई बराच वेळ तिथेच उभी होती, सहीचं पेन हातात तसंच. ऊन तिला चालत नव्हतं म्हणून मी तिच्या डोक्यावर फाईल धरली.

"वृंदा," ती म्हणाली, "मी कुठे उभी होते?"

"इथेच. माझ्या शेजारी."

"गाडीला माझा हात लागला होता?"

"नाही. त्या आत बसल्या तशी तू कागद उचलून बाजूला झाली होतीस."

तिने मान हलवली, एखाद्या मुलाचं गणित बरोबर आलं की हलवायची तशी. बोनेटवर कागद ठेवून सही केली, पेनला टोपण लावलं.

"उद्या किती वाजता बोलावलंय हॉस्पिटलला?" तिने विचारलं.